पडद्याची अट

शिरूरच्या कोर्टात माझा दावा मिटला. लोक म्हणतात, म्हातारीला दवाखान्याकडून पैसे मिळाले. मिळाले, खोटं कशाला बोलू. पण पैशावरून भांडण फार थोडं झालं. खरं भांडण झालं ते कागदावर काय लिहायचं यावरून. ते सगळं मी इथं लिहिते आहे, कारण गप्प बसायचं मी कबूल केलेलं नाही. तसं एक वाक्य त्यांनी कागदात घातलं होतं. ते मी काढायला लावलं.

आधी बाहीचं सांगते. बाही कळली नाही तर पुढचं काही कळणार नाही.

माझ्या लहानपणी शिरूरच्या मिशनच्या शाळेत शिवण शिकवायला एक बाई होत्या. त्यांचं म्हणणं एकच, पोलक्याची बाही कोपरापर्यंत हवी आणि हाताबरोबर घट्ट हवी. ढगळ बाही पिठात पडते, चुलीवर पेटते आणि हात वर केला की काखेपर्यंत सगळं दिसतं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण बाही सुटली नाही. लग्न होऊन मी दौंडला रेल्वेच्या चाळीत गेले. मालक रेल्वेत खलाशी होते. शेजारच्या बायका हळूहळू फुग्याच्या बाह्या घालू लागल्या, मग टीचभर बाह्या, मग बिनबाह्यांची पोलकी. मी होते तशीच राहिले. मालक गेल्यावर शिरूरला मुलाकडे परत आले तेव्हाही तीच बाही. आमच्या चर्चमध्ये माझ्या वयाच्या बायका अजून तशीच बाही घालतात. उपासनेला आम्ही एका बाकावर बसलो की मागून सुना हसतात. हसू देत.

अशी बाही वर सरकत नाही. कोपराच्या वर चार बोटं गेली की अडकते. हे मला माहीत होतं आणि माझ्या शिंप्याला. बाकी कुणाला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

करोनाची लस आली तेव्हा सरकारी दवाखान्यात रांगा लागत आणि लस संपली म्हणून अर्धी रांग परत जाई. गावातल्या एका खाजगी दवाखान्याने पैसे घेऊन लस द्यायला सुरुवात केली. मुलाने पैसे भरले, नंबर लावला आणि मला घेऊन गेला. मी आढेवेढे घेतले नाहीत. आमच्या गल्लीतली माणसं त्या आजाराने गेलेली मी पाहिली होती. लस घ्यायची होती मला.

दवाखान्याच्या खालच्या मोठ्या खोलीत सोय केली होती. दार रस्त्याकडे सताड उघडं. बाया-पुरुषांची एकच रांग, ती दारातून आत आलेली आणि टोचायच्या खुर्चीपासून दोन हातांवर थांबलेली. खुर्ची भिंतीला चिकटवलेली, डावा हात भिंतीकडे. त्यामुळे जो येईल त्याचा उजवा दंड. टोचणारी पोरगी अंगभर प्लास्टिकचा झगा घालून घामाने निथळत होती.

“आजी, बाही वर घ्या.”

“जात न्हाई वर.”

तिने ओढून पाहिली. “मग हूक काढा आणि हात बाहेर काढा.”

मी रांगेकडे पाहिलं. पहिल्या नंबरला आमचा दूधवाला उभा होता. त्याच्या मागे मुलाच्या कंपनीतले दोघं. दारात वॉचमन.

“पडदा हाय का?”

“पडदा नाहीये. लवकर करा ना आजी, मागे केवढी लाइन आहे.”

“लाइनला तोंड फिरवायला सांग मग.”

तिने रांगेकडे पाहिलं आणि परत हूक काढायला सांगितलं. कुणी तोंड फिरवलं नाही. दूधवाला तेवढा मोबाइलमध्ये बघू लागला, ते त्याचे उपकार. मी पदराच्या आत वरचा हूक काढला आणि पोलक्याचा गळा खांद्यावरून जेवढा खाली येईल तेवढा ओढला. खांद्याचं टोक बाहेर आलं. तिने तिथंच सुई टोचली. मी हूक लावला आणि उठले. मागून दूधवाला शर्टाची बाही गुंडाळत पुढे सरकला. त्याचं काम क्षणात झालं.

दंड सगळ्यांचाच दुखला. मुलाचा दुखला, सुनेचा दुखला आणि थांबला. माझा खांदा दुखतच राहिला. आधी रात्री कुशीवर वळता येईना, मग ताटातला घास तोंडापर्यंत नेताना कळ यायला लागली, आणि एक दिवस सकाळी केस विंचरायला हात वर केला तर तो कानाच्या खालीच थांबला. तिथून पुढे जाईना. दुसऱ्या हाताने धरून उचलला तर डोळ्यांपुढे अंधारी आली.

त्या दिवसापासून माझा अंबाडा सून घालायला लागली. सून वाईट नाही. पण ती घट्ट बांधते आणि मला सैल लागतो. मी “सैल” म्हटलं की ती सगळा सोडते आणि पहिल्यापासून सुरू करते. तिला कामाला जायची घाई, मला चहाची. कधी कधी ती रागाने फणी अशी ओढायची की कानशिलं गरम व्हायची. मी म्हणायचे, “केस माझेच हायेत, बैलाचं शेपूट न्हवं.” ती म्हणायची, “बैल तरी गप उभा राहतो, आई.” हसायचो आम्ही. पण उभ्या आयुष्यात स्वतःच्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागू न दिलेल्या बाईला रोज सकाळी पाटावर बसून वाट बघावी लागते, त्यात हसण्यासारखं फार काही नसतं.

दवाखान्यात दाखवायला गेले. तिथले मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मालकच, खुर्चीतून उठले नाहीत. “वय झालं आजी. या वयात खांदा धरतो. शुगर असेल.” शुगर तपासली, नव्हती. “मग थंडीने असेल.” उन्हाळा होता. लावायला मलम दिलं.

आमच्या शेजारी रेल्वेतून रिटायर झालेले एक गृहस्थ राहतात. मालकांच्या वेळची ओळख, म्हणून मला वहिनी म्हणतात. त्यांना बातमी कळली आणि ते मोबाइल घेऊनच आले.

“वहिनी, मी म्हणलं न्हवतं? लशीतच विष हाय. तुम्ही फकस्त हात वर करून दाखवा, जात न्हाई म्हना. मी व्हिडिओ काढून सगळीकडं पाठवतो.”

“विष असतं तर तुम्ही कसे जिवंत?”

“मी घेतलीच न्हाई.”

“मग तुमाला लशीतलं काय कळतंय? मोबाइल खिशात घाला आन् चहा घ्या.”

चहा घेतला त्यांनी, पण रुसले.

रेल्वेच्या माणसाची बायको म्हणून दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात माझं अजून कार्ड आहे. एसटीने न्हावरे, चौफुला करत एकटी गेले. तिथल्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला, हात सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला, पुण्याहून मशीनमधला फोटो काढून आणायला लावला. मग त्यांनी माझ्याच खांद्यावर बोट ठेवून सांगितलं. लस दंडाच्या मांसात जायला हवी, ती इथं. तुमची गेली वर, इथं, सांध्यात. त्याने आत सूज बसली आणि सांधा आखडला. लशीचा दोष नाही, जागा चुकली. असं होतं कधी कधी. व्यायाम केला तर बराचसा सुटेल, सगळा सुटेल असं सांगत नाही. मी म्हटलं, हेच कागदावर लिहून द्या. त्यांनी दिलं.

दुसरा डोस मी तिथंच घेतला, डाव्या हातात. सिस्टरने बाहीकडे पाहिलं आणि “या आत” म्हणाली. आत पडदा होता. पडदा ओढला, हूक काढले, हात पूर्ण बाहेर काढला, टोचलं, हूक लावले. तिला काही फार वेळ लागला नाही. तो दंड दोन दिवस दुखला आणि थांबला. सगळ्यांसारखा.

ते पत्र घेऊन मी मुलाबरोबर शिरूरच्या दवाखान्यात गेले. दावा-बिवा काही डोक्यात नव्हतं. त्यांनी एवढं म्हणावं की आमच्याकडून चूक झाली, आणि खांद्याच्या व्यायामाचा खर्च द्यावा, एवढंच. डॉक्टरांनी पत्र वाचलं आणि माझ्याशी न बोलता माझ्या डोक्यावरून मुलाला म्हणाले, “असं कुणीही लिहून देतं हो. हल्ली सगळ्यांनाच भरपाई पाहिजे असते. म्हातारीला पुढं करायचं, सोपं असतं.”

मुलगा मान खाली घालून उठला. तो गरीब स्वभावाचा आहे, बापावर गेलाय. मी उठले नाही.

“म्हातारीला कुणी पुढं केलेलं न्हाई,” मी म्हटलं. “म्हातारी सोताच्या पायानं आलीया. आता कोर्टातबी सोताच्या पायानं जाईल.”

अशी दाव्याची सुरुवात झाली.

वकील मिळाले ते आमच्या चर्चमधल्या एका बाईंचे ओळखीचे, पिकल्या मिशांचे, मला मावशी म्हणणारे. माणूस बरा होता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट लवकर संपवायची असायची, स्वतःचं वाक्यसुद्धा. तारखा पडत गेल्या. दवाखान्याने लेखी उत्तर दिलं. वकिलांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की माझा खांदा आधीपासूनच खराब होता, लस अगदी योग्य जागी दिली होती आणि मी पैशाच्या लोभाने खोटं बोलते आहे. खोटं बोलते, हे कोर्टाच्या कागदावर. ज्या गावात मी शाळा शिकले त्या गावच्या कोर्टात.

तेव्हाच मी ठरवलं की पैसे मिळोत न मिळोत, हे वाक्य माझ्या मागे राहू द्यायचं नाही. मी मेल्यावर मुलाच्या कपाटात कागद राहील, तर त्याच्यावर खरं असेल.

मग दवाखान्याकडून निरोप आला की लोकअदालतीत मिटवून टाकू. लोकअदालतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. सलाम झाला, चहा झाला, बिस्किट झालं. मग ते खाली बघून म्हणाले, “आजी, डॉक्टर भले गृहस्थ आहेत. आपल्या मिशनच्या शाळेलाही मदत करतात. तुम्ही मनातून क्षमा करून टाका. हलकं वाटेल.”

“करते की,” मी म्हटलं. “कशाची करू?”

“म्हणजे?”

“ते म्हणतात आमची चूकच न्हाई. चूकच न्हाई तर क्षमा कशाची? त्यांनी आधी चूक म्हणावी, मी लगेच करते. तुमच्यासमोर करते.”

पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं. “तुमच्याशी बोलणं अवघड आहे, आजी.”

“म्हणून तर तुम्हाला पाठवलं त्यांनी. आणखी एक बिस्किट घ्या.”

ते हसले, आणि घेतलं. वाईट माणूस नाही तोही.

लोकअदालतीच्या दिवशी कोर्टात जत्रा होती. बँकेचे कर्जवाले, वीजबिलवाले, अपघातवाले, सगळ्यांना एकाच दिवशी मिटवायचं होतं. टेबलामागे जज्जसाहेब, त्यांच्या शेजारी एक वकील आणि एक समाजकार्य करणाऱ्या बाई. आमचा नंबर पुकारला. दवाखान्याकडून डॉक्टर स्वतः आले होते आणि त्यांची वकील. ती तरुण बाई, काळा कोट, हुशार डोळे. तिने तडजोडीचा कागद तयारच आणला होता. वाचायला लागली. प्रतिवादी कोणतीही चूक मान्य न करता, केवळ माणुसकीच्या भावनेतून, वादीचे वय आणि परिस्थिती लक्षात घेऊन. पुढे रक्कम. आणि त्याच्या पुढे, वादी याविषयी कुठेही वाच्यता करणार नाही.

“थांबा,” मी म्हटलं. “माणुसकी काढा.”

आमच्या वकिलांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. “मावशी, रक्कम बघा. चांगली आहे. सही करा आणि घरी चला.”

“वकीलसाहेब, तुम्ही जावा घरी. मी बसते.”

जज्जसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “आजीबाई, माणुसकी काढायची म्हणजे?”

“साहेब, मी यांच्या दारात भीक मागायला गेले न्हवते. पैसे देऊन लस घेतली. यांनी सुई चुकीच्या जागी टोचली आन् मग मला खोटं ठरवलं. आता माणुसकीतून देतो म्हणतात. मग मी काय झाले? भिकारी आन् खोटारडी, दोन्ही.”

“पण चूक त्यांना मान्य नाही,” जज्ज म्हणाले. “तडजोडीत असं लिहायची पद्धत आहे.”

“पद्धत असंल. मी सही करनार न्हाई.”

मागे कुणीतरी हसलं. समोरच्या वकीलबाईंना वाटलं की आता म्हातारीला गप्प करावं. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “आजी, मी एकच विचारते. तुमच्या दाव्यातच लिहिलंय की तुमच्या ब्लाउजची बाही घट्ट, कोपरापर्यंत. आणि हातही तुम्ही बाहेर काढला नाही. मग इंजेक्शन दिलं कसं? एकतर बाही वर गेली, म्हणजे इंजेक्शन बरोबर दंडात झालं. नाहीतर तुम्ही घेतलंच नाही. दोन्हींतलं काय खरं?”

आमचे वकील अस्वस्थ झाले. मला मात्र बरं वाटलं. इतके दिवस हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. डॉक्टरांनी नाही, आमच्या वकिलांनीही नाही.

मी उठून तिच्यासमोर उभी राहिले. तसंच पोलकं अंगात होतं. माझं दुसरं असतंच कुठं.

“मॅडम, माझी बाही वर करा.”

“मी?”

“तुम्ही. तुम्ही सिस्टर, मी आजी. वर करा.”

तिने जज्जसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने बाही धरली आणि सरकवली. कोपराच्या वर चार बोटं गेली आणि अडकली. तिने जरा जोर लावला. शिलाई करकरली.

“फाडू नका, नवं हाय. आता काय करता?”

“आता...” ती म्हणाली, “आता हूक काढून हात बाहेर...”

“काढा की हूक.”

तिचा हात थोडा पुढे आला आणि थांबला. तिने मागे पाहिलं. मागे अख्खं शिरूर बसलं होतं, बँकेचे कर्जदार, वीजबिलवाले, पट्टेवाला, चहावाला. तिने हात मागे घेतला.

“पडदा हाय का इथं?” मी विचारलं.

“नाही,” ती हळूच म्हणाली.

“तिथंपण न्हवता.” मी माझा गळा खांद्यावरून जरासा ओढला, पदराच्या आतच, आणि खांद्याच्या टोकावर बोट ठेवलं. “मग एवढंच बाहेर येतं. हितं टोचलं. दंडात न्हाई, हितं. दौंडच्या डॉक्टरनं ज्या जागेवर बोट ठेवलं ती हीच जागा.”

टेबलामागच्या बाई जज्जसाहेबांच्या कानात काहीतरी बोलल्या. वकीलबाई जागेवर जाऊन बसली आणि तिने तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. ती डॉक्टरांशी हळू आवाजात बोलत होती आणि डॉक्टर मान हलवत होते, आधी नाही म्हणून, मग हो म्हणून.

थोड्या वेळाने डॉक्टर उभे राहिले. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. “ठीक आहे आजी. चूक झाली असं लिहू. इंजेक्शन देणाऱ्या नर्सकडून चूक झाली. तिला आम्ही मागेच काढून टाकलंय.”

आमच्या वकिलांनी सुटकेचा श्वास सोडला. “झालं मावशी. जिंकलात.”

मला त्या पोरीचा घाम आठवला. तिने दोनदा मला हूक काढायला सांगितलं होतं आणि दोनदा मागच्या रांगेकडे पाहिलं होतं. मुकाट्याने सही केली असती तर माझ्या खांद्याचा सगळा भार त्या पोरीवर गेला असता आणि हे डॉक्टर पांढऱ्या शर्टात मोकळे.

“न्हाई जमायचं,” मी म्हटलं.

“आता काय?” डॉक्टर ओरडलेच.

“पडदा तिनं घरून आणायचा व्हता का? खुर्ची भिंतीला तिनं लावली? दार तिनं उघडं ठेवलं? बाया-बाप्यांची एक रांग तिनं केली? पोरगी एकटी आन् तुमचं गिऱ्हाईक रस्त्यापातूर. तिचं नाव लिवायचं न्हाई. तुमचं लिवा.”

“आजी, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?”

“पडदा.”

सगळे हसले. जज्जसाहेबही हसले, पण त्यांनी पेन उचललं. “सांगा आजीबाई, मी लिहितो.”

मी सांगितलं आणि त्यांनी ते कोर्टाच्या भाषेत बसवलं. लस देण्याच्या ठिकाणी दवाखान्याने आडोसा ठेवला नव्हता, त्यामुळे सुई योग्य जागेच्या वर टोचली गेली आणि वादीच्या खांद्याला इजा झाली. वादीने खोटं सांगितलं हे म्हणणं प्रतिवादी मागे घेतात. इंजेक्शनच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पडदा लावला जाईल. वाच्यता करू नये ते वाक्य खोडलं. आणि मी आपणहून एक घालायला लावलं, की लशीबद्दल माझी तक्रार नाही, दुसरा डोसही मी घेतलेला आहे. शेजारच्या गृहस्थांनी पुढं हा कागद कुणाला दाखवला तर हे वाक्यही दिसावं म्हणून.

वकीलबाई म्हणाली, एवढं सगळं लिहायचं तर रक्कम कमी करावी लागेल. मी म्हटलं, करा. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. केली त्यांनी कमी. खांद्याच्या व्यायामाचा आणि वकिलांचा खर्च त्यातून निघाला, वर थोडं उरलं. पुरे.

बाहेर चहाच्या टपरीशी डॉक्टर गाडीची वाट बघत उभे होते. मला बघून म्हणाले, “काय आजी, आता तरी राग गेला का? पाळकसाहेब सांगत होते, कबुली दिली की लगेच क्षमा करणार म्हणून.”

“म्हटलं होतं खरं,” मी म्हणाले. “पण पडदा लागू दे आधी. मग बघू.”

ती वकीलबाई त्यांच्या शेजारी उभी होती. तिने हसू लपवायला तोंडावर हात घेतला.

काही दिवस जाऊ दिले आणि मी एकटीच दवाखान्यात गेले. वॉचमन तोच. “आजी, नंबर घ्या.”

“नंबर नको. पडदा बघायचाय.”

तो बघतच राहिला. मी आत गेले. पडदा लागला होता. हिरवा, नवा, कड्यांचा. आत कुणा बाईला टोचत होते, म्हणून मी बाहेर थांबले. ती बाई बाहेर आल्यावर पुढे होऊन पाहिलं. दाराकडून पडदा चांगला होता, पण भिंतीकडून हातभर फट होती आणि रांग नेमकी त्याच बाजूने वळत होती. मी फटीसमोर उभी राहून आत डोकावले. खुर्ची पूर्ण दिसत होती.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, पडदा लावलाय की!”

“लावलाय. पन भिंतीपासून भिंतीपातूर न्हाई. हिकडनं उघडा हाय. कोर्टाचा हुकूम वाच.”

गडबड ऐकून डॉक्टर बाहेर आले. मला बघून दारातच थांबले. “तुम्ही परत?”

“व्हय. हातभर कापड कमी पडलंय.”

ते फटीकडे चालत आले. मी जिथं उभी होते तिथं उभे राहिले आणि आत पाहिलं. मग खिशातून नोट काढून वॉचमनला दिली आणि म्हणाले, “तसंच कापड आण. आत्ता.”

“आजी, तुम्ही जा घरी, लावून घेतो आम्ही,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

मला घाई नव्हती. मी भिंतीला लागलेल्या त्या टोचायच्या खुर्चीवर जाऊन बसले. रांगेतल्या बायकांना म्हटलं, जरा थांबा, कापड येतंय. त्या थांबल्या.